खाऱ्या तळ्यावरून गोडं पाणी

परवा बोरिवलीहून परत आले, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "बोरिवलीला काय बघायचं असतं गं?" प्रश्न रास्त होता. आमचं मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये डोंगर आहे एवढंच. नाहीतर दोन्हीकडे तीच चार दुकानं, तेच पोस्ट आणि दिवस मावळला की तीच कोल्हेकुई. पण मी बोरिवलीच्याही पुढे गेले होते. स्टेशनावरून टांग्याने खाडीपर्यंत, होडीने खाडीपलीकडे आणि तिथून मिठागरांच्या बांधावरून चालत एका लहानशा गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या एका घरचं भांडण मी इथे सांगणार आहे, आणि मला त्या घरी पुन्हा जेवायला जायचं आहे.

आमच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि फिलोमिना शिवण. तिला आम्ही सगळ्या फिलू म्हणतो. ईस्टरनंतर तिच्या धाकट्या बहिणीचं, मोनीचं, लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "शारदे, दोन दिवस आधीच ये. लग्नाच्या दिवशी नुसती गर्दी असते, मजा आधीच असते." मी लगेच कबूल झाले. घरी आईने एवढंच विचारलं, "पाण्याचं काय करशील?" ख्रिस्ती माणसांच्या घरचं पाणी पिशील का, असं तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, "तहान लागली की पिईन." निघताना माझ्या पिशवीत आईने घातलेला झाकणाचा तांब्या सापडला. तो मी काढून कोनाड्यात ठेवला आणि फार मोठी सुधारक असल्यासारखी घराबाहेर पडले.

शुक्रवार: शहाळी आणि फुगे

मांडव घालून झाला होता. फिलूची आई, कात्रीनमावशी, चुलीपुढे बसली होती. ठेंगणी, भक्कम बाई. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं आणि आवाज असा की तिला पलीकडच्या गावाशी बोलायला होडीची गरज पडू नये.

"आयली का मास्तरीण? बस गो," ती म्हणाली, आणि लगेच कोणाला तरी ओरडली, "बायला शहाळं आना."

मी उन्हातून चालून आले होते. शहाळं अमृतासारखं लागलं. थोड्या वेळाने मी पाणी मागितलं, तर दुसरं शहाळं आलं. जेवणानंतर तिसरं. मला पाणी चालतं, विहिरीचं साधं पाणी द्या, असं मी सांगितलं, तर सगळ्याजणी समजूतदारपणे हसल्या आणि एकीने कोयता उचलला. बामणाची पोरगी आपल्या घरचं पाणी कसं पिणार, हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवून टाकलेलं. मला वाईट वाटू नये म्हणून त्या पाण्याचा विषयच काढत नव्हत्या, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटत होतं. फिलू तर जवळची मैत्रीण, पण ती शाळेत माझ्या डब्यातली पोळी खाते आणि स्वतःचा डबा मात्र कधी पुढे करत नाही, हे तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. रागच आला मला.

राग फुग्यांनी शांत केला. फुगे म्हणजे पीठ आंबवून त्याचे लिंबाएवढे गोळे थेट हातातून तेलात सोडायचे. ते आपोआप फिरतात, फुगतात आणि सोनेरी होऊन वर येतात. आमच्याकडे वडे थापायला केळीचं पान लागतं, ओला रुमाल लागतो. इथे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पीठ दाबलं की झालं. मी गरम गरम खात सुटले. बरेच खाऊन झाल्यावर विचारलं, "इतके हलके कशाने होतात?"

"ताडी," मावशी म्हणाली. "आन अंडी."

पोटात गेलेलं काही परत येत नाही, म्हणून मी आणखी दोन घेतले. तेवढ्यात मावशी फिलूकडे वळून म्हणाली, "उद्या भांग हाय. लय बेस."

आता मात्र मी हातातला फुगा खाली ठेवला. एका दिवसात ताडी झाली, उद्या भांग! आईला काय सांगू? माझा चेहरा पाहून फिलू पदर तोंडात धरून हसायला लागली. "अगं, प्यायची नव्हे. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मवाळ असते, तिला भांग म्हणतात. अमावास्या-पुनवेला उधाण. उधाणात आमच्या तळ्यात नवख्याने होडी घालूच नये. भांगाला पाणी हळू चढतं आणि चढलं की बराच वेळ उभं राहतं."

"उभं म्हणजे?"

"उद्या बघशील."

केसांतला भांग आणि प्यायची भांग, एवढ्या दोन अर्थांवर मी इतकी वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं. तिसरा अर्थ आता कळला.

संध्याकाळी फिलूने मला तळं दाखवलं. गावाच्या अगदी पुढ्यात आहे. लोक त्याला तळंच म्हणतात, पण पाणी खारं, कारण ते खाडीचंच. दोन्हीकडून तिवरांची झाडी आणि मिठागरांचे बांध पुढे आलेले आणि मध्ये एक अरुंद तोंड. भरती त्या तोंडातून आत शिरते आणि ऐसपैस पसरते. पलीकडच्या काठावरची माणसं दिसावीत पण चेहरे दिसू नयेत, एवढी पसरते. ओहोटीला ते सगळं निघून जातं. काठाला उरतो चिखल, चिखलात टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या लहान मासळ्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून एका पायावर उभे असलेले बगळे.

"ते पलीकडचं गाव आईचं माहेर," फिलू म्हणाली. "पास्कूमामा तिथे राहतो. आईचा एकुलता एक भाऊ. सहा वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. तिची आजी पलीकडे वारली ती भर पावसात. बांधावरची वाट बुडाली होती आणि तळ्याला ओहोटी लागली होती. निरोप मिळताच मावशी धावत काठावर आली, पण होडी चिखलात रुतलेली. पाणी चढेपर्यंत थांबणं भाग होतं. आणि पलीकडे मामाने तिच्यासाठी न थांबताच माती दिली. मावशीने या काठावरून आजीची पेटी जाताना पाहिली. तेव्हापासून ती माहेरी गेली नाही आणि लग्नाचं आमंत्रणही तिने मामाला दिलं नाही.

"आणि मोनी?" मी विचारलं.

"मोनी रोज रडते. मामाच्या खांद्यावर बसून मोठी झाली ती. म्हणते, मामा नसेल तर मला नाही लग्न करायचं. आई म्हणते, त्याने यावं. मामाचं म्हणणं कोणाला माहीत नाही, पण बोलावल्याशिवाय तो येणार नाही. आमच्यात सगळे असेच, ताठ."

आमच्यात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिल्याखेरीज मंगलाष्टकं संपत नाहीत. त्यामुळे मोनीचं रडणं मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

शनिवार: उभं पाणी

यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात, कारण जुन्या विहिरींच्या काठी उंबर असायचाच. पण यंदा बांध फुटून खाडी गावच्या विहिरीत शिरली होती आणि पाणी मचूळ झालं होतं. प्यायचं पाणी लांबून डोक्यावरून आणत. लग्नाच्या पाण्याचं मात्र मावशीने आधीच ठरवलेलं: तिच्या स्वतःच्या लग्नात जिथलं आलं तिथलंच. म्हणजे पलीकडचं. आणि ती विहीर पास्कूमामाच्या अंगणाला लागून!

"विहीर काय पास्कूची नाय, गावाची हाय," मावशी म्हणाली. "पानी आनायला कोनाला इचारायची गरज नाय. आन तू गो फिलू, त्याच्याशी बोलू नको."

पुरुष माणसं बाजा आणि सामान आणायला बोरिवलीला गेली होती. गावातली एकही बाई फिलूबरोबर जायला तयार होईना. भावाबहिणीच्या भांडणात कोण पडणार? राहता राहिले मी. मी परकी, त्यामुळे माझ्यावर कोणी रागावणार नव्हतं. वाजंत्री नाही, गाणी नाहीत, एक पितळी घागर आणि दोन मास्तरणी, अशी आमची मिरवणूक उन्हं कलल्यावर होडक्यात बसली.

होडकं अरुंद. पुढे मी, मागे फिलू, दोघींच्या हातात एकेक वल्हं. बुडाशी थोडं पाणी झिरपायचं, ते उपसायला एक करवंटी. फिलू लहानपणापासून वल्हवते. मी पहिल्यांदा वल्हं पाण्यात घातलं ते आमटी ढवळावी तसं. होडकं गर्रकन फिरलं आणि आमची तोंडं परत मांडवाकडे झाली. काठावरच्या बायका पोट धरून हसल्या. "ढवळू नकोस, मागे लोट," फिलू म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ." थोड्या वेळाने जमलं. एकदा तिचं, एकदा माझं असं वल्हं पडायला लागलं आणि होडकं सरळ चालू लागलं.

मध्यावर आल्यावर फिलू म्हणाली, "आता वल्हं वर घे."

घेतलं. होडकं थोडं सरकलं आणि थांबलं. तिवराचं एक पिवळं पान माझ्या डाव्या हाताशी तरंगत होतं, ते तिथेच राहिलं. फेसाची एक रेघ होती, तीही तिथेच. इतका वेळ पाणी आत येत होतं आणि आता आत येणं संपलं होतं, बाहेर जाणं सुरू व्हायचं होतं. वारा नव्हता. मिठागरावरचे मिठाचे ढीग पाण्यात उलटे दिसत होते, एक खंड्या काठावरच्या खुंटावर बसला होता आणि पाण्यातला खंड्याही तितकाच निळा होता.

"हे उभं पाणी," फिलू म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की मी बोलायची थांबले. माझी आणि गप्प बसण्याची ओळख नसल्यामुळे फिलूने काळजीने विचारलं, "चक्कर येतेय का?" मी नाही म्हणून मान हलवली. वर्षानुवर्षं घंटेवर उठते, घंटेवर बसते. त्या दिवशी तिथे कसलीच घाई नव्हती आणि मला अगदी मनापासून सुख वाटत होतं. तसं मी तिला सांगूनही टाकलं.

पलीकडे उतरलो. विहीर, उंबर आणि शेजारी ओटीवर जाळं विणत बसलेला उंच, वाळका माणूस. हाच पास्कूमामा. फिलूने खाली मान घालून घागर भरली. तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "कोनाचं लगीन?"

फिलूला आईने बोलायला मनाई केलेली. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणून मीच सांगितलं, "मोनीचं. उद्या आहे."

"मना कोनी सांगितलं नाय," तो म्हणाला.

तो उठला. आंब्याची पानं तोडून त्याने घागरीच्या तोंडावर ठेवली, घागर स्वतः उचलून होडक्यात नेऊन बसवली आणि म्हणाला, "पानी फिरायच्या आत जावा." आम्ही निघालो. मागे वळून पाहिलं तर तो अजून पाण्यात पाय टाकून उभा होता.

त्यानंतर जे झालं ते केवळ माझ्या सुधारकपणामुळे. उन्हाने आणि खाऱ्या हवेने माझा घसा कोरडा पडला होता. पुढ्यात थंडगार गोड्या पाण्याची घागर. आमच्याकडेही नवरीला न्हाऊ घालतात, पण बंबातल्या पाण्यातलं घोटभर कोणी प्यायलं तर कोणाचं काही बिघडत नाही. शिवाय मान वळवली तर फिलू माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आपल्या कोरड्या ओठांकडे बघतेय आणि मनात म्हणतेय, तहानेने मरेल पण आमच्या विहिरीचं पाणी पिणार नाही. बरी संधी आहे, म्हटलं. पानं बाजूला केली, हाताशी करवंटी होती ती घागरीत बुडवली आणि तोंडाला लावून घटाघट प्यायले. मग मोठ्या विजयाने फिलूकडे पाहिलं.

तिचं वल्हं हवेतच थांबलं होतं.

"शारदे," ती म्हणाली, "हे पाणी मोनीच्या अंगावर पडेपर्यंत त्याला कोणी तोंड लावायचं नसतं. आणि ती करवंटी बुडातलं घाण पाणी उपसायची आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी वकिली करून पाहिली. म्हटलं, "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. आज सकाळीच फादरकडे जाऊन सगळी पापं सांगून आलेय. उद्या लग्नात निर्मळ मनाने कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा आहे. आता हे पोटात ठेवून कसा घेऊ?"

असं म्हणून ती रडवेली झाली, मग माझं तोंड पाहून हसायला लागली आणि हसता हसता तिने होडकं परत विहिरीकडे वळवलं. पण एवढ्या वेळात ते पिवळं पान निघालं होतं. फेसाची रेघही निघाली होती. पाणी फिरलं होतं. भांगाची ओढ म्हणे मवाळ असते. मला तर कोणी होडक्याला दोर बांधून खाडीकडे नेतंय असं वाटत होतं. आम्ही जोर लावला की होडकं तिरकं व्हायचं, तळ्याचं तोंड जवळ यायला लागलं आणि माझ्या तळहातावरचे फोड फुटले. मी घाबरले होते. फिलू मोठ्याने प्रार्थना म्हणत होती, मी मनातल्या मनात रामरक्षा.

तेवढ्यात पलीकडून एक मोठी होडी येताना दिसली. पास्कूमामा उभा राहून वल्हवत होता, फार घाई नसल्यासारखा, तरी बघता बघता आमच्यापाशी पोचला. त्याने आमचा दोर धरला आणि विचारलं, "मागं का फिरल्या?"

फिलूने आईची मनाई बाजूला ठेवून सगळं सांगितलं. मामा माझ्याकडे वळला.

"मास्तरीण, तुमी पिलं आमचं पानी?"

"प्यायले. चुकलं माझं."

"पिलं तं पिलं," तो म्हणाला. "तुमी परकी असून पिलं. माजी भैन सहा वर्सं पिली नाय."

तो आम्हाला परत विहिरीवर घेऊन गेला. माझं उष्टं पाणी त्याने उंबराच्या बुंध्याशी ओतलं, घागर आतून-बाहेरून राखेने घासली आणि पुन्हा भरली. या ओढीत तुम्हाला एकट्यांना सोडत नाही, म्हणाला. घागर आणि आम्ही त्याच्या होडीत, आमचं होडकं मागे बांधलेलं, असे निघालो. या वेळी मी वल्ह्याला हातही लावला नाही.

आमच्या काठावर बायकांची गर्दी जमली होती. सगळ्यांच्या पुढे कंदील घेऊन कात्रीनमावशी. तिने आधी फिलूला नीट न्याहाळलं, मग मला, मग घागर.

"पानी कोनी भरलं?"

"मामांनी," फिलू म्हणाली.

मामा होडीतच उभा होता. आम्ही घागर धरून खाली उतरलो तेव्हा तो म्हणाला, "मी जातो. पानी उतरते." पण निघाला नाही.

मावशीचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. अगदी हळू म्हणाली, "आयला माती दिली तवा बी पानी उतरत होतं. मी हितंच उभी होती. पेटी दिसत होती मना."

"फादर थांबला नाय, कात्रू."

"तू थांबायचं होतं."

मोनी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मला वाटलं, आता हा माणूस वल्हं उचलतो आणि जातो. त्याने दोर हातात गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"हां," तो म्हणाला. "थांबायचं होतं मी."

मावशीने कंदील माझ्या हातात दिला. नवं लुगडं नेसली होती, तरी तशीच घोट्यापर्यंत चिखलात उतरली, भावाच्या हातातून दोर घेतला आणि काठावरच्या खुंटाला बांधला.

"आज थांब," ती म्हणाली.

मोनी धावत आली आणि मामा होडीतून खाली उतरला. तोवर काठचं पाणी बरंच मागे सरलं होतं. होडी एका कुशीवर कलंडून चिखलात बसली. पहाटेची भरती येईपर्यंत ती आता कोणी ढकलली तरी हलणार नव्हती. हे कात्रीनमावशीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिने खाली वाकून त्या दोराला आणखी एक गाठ मारली.